तिसरी टोपी

पार्लमेंटला टाळं ठोकायला हातोडा लागत नाही. लागतात तीन माणसं, तीन लाल झगे, तीन काळ्या टोप्या आणि राजाचं एक पत्र. त्या सोमवारी लंडनमध्ये राजाचं पत्र येऊन पडलं होतं. झगे होते, टोप्या होत्या, दोन माणसंही तयार होती. घोडं अडलं होतं ते तिसऱ्यापाशी, आणि तिसऱ्या म्हणजे विनी ऑर्मरॉडबाई.

बाई मूळच्या लँकशरच्या, पेशाने सुईण. तिथल्या एका गिरणीगावात लोकांची पोरं जगात आणता आणता त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. पुढे सुईणींच्या संघटनेच्या त्या प्रमुख झाल्या, आणि म्हातारपणी कुणाच्या तरी मनात आलं म्हणून बॅरोनेस होऊन लॉर्डांच्या सभागृहात येऊन बसल्या. पक्ष नाही, काही नाही. ज्या लॉर्डांना पक्ष नव्हता त्या सगळ्यांनी मिळून त्यांनाच आपलं पुढारी केलं, आणि त्यामुळे राजाच्या पत्रात त्यांचं नाव आलं. तशी नावं पाच होती. त्यातल्या विरोधी पक्षांच्या दोघांनी सकाळीच कळवून टाकलं होतं, की असल्या तमाशाला आम्ही येत नाही. उरले तिघे. आणि तिघांहून कमी माणसं बसली तर राजाचा हुकूम बजावता येत नाही, असा तिथला नियम.

हुकूम कशासाठी होता, ते लंडनमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मंगळवारी सकाळी कॉमन्समध्ये, म्हणजे निवडून आलेल्यांच्या सभागृहात, पंतप्रधानावर अविश्वासाचं मतदान व्हायचं होतं. मेहुण्याला दिलेली कंत्राटं अंगाशी आली होती. त्याच्याच पक्षातले लोक उलटले होते. त्याला उभा करून चार प्रश्न विचारायचे आणि मग हाकलायचा, असं ठरलं होतं. तर या बहाद्दराने काय करावं? माणसं पाठवली स्कॉटलंडला, राजाच्या सुट्टीच्या वाड्यावर, आणि पार्लमेंट बंद करायच्या हुकमावर सही आणली. राजाला नाही म्हणायची सोय नसते, बिचारा सही करतो. पार्लमेंटच बंद म्हटल्यावर मतदान कसलं आणि प्रश्न कसले? दीड महिन्याने उघडेल तेव्हा सगळं थंड झालेलं असेल.

विनीबाईंनी ठरवलं होतं, की आपणही जायचं नाही. तेवढ्यात लॉर्ड हॅवरगिलचं बोलावणं आलं.

हॅवरगिल म्हणजे लॉर्डांच्या सभागृहातला सरकारचा नेता, पंतप्रधानाचा उजवा हात. गोड बोलावं तर त्यानेच. त्याच्या खोलीत नदीकडची खिडकी उघडी होती, टेबलावर पातळ कपांत चहा होता.

"साखर घालू?"

"मला तुमचा चहाच नकोय, हॅवरगिलसाहेब. काय ते बोला."

"बरं." त्याने स्वतःच्या कपात साखर घातली, ढवळली. "तुमच्या विधेयकाबद्दल बोलायचं होतं. मार्थाच्या."

"तिचं नाव घ्यायचं नाही."

"क्षमा करा. तुमच्या विधेयकाबद्दल म्हणू."

मार्था म्हणजे बेथनी हॅलिवेलची मुलगी. बाईंच्याच गावची पोर ही बेथनी, सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसणारी. तिचे दिवस पूर्ण भरले होते, कळा सुरू झालेल्या, आणि इस्पितळाने तिला रात्रभर व्हरांड्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. सकाळी पोर आली ती गेलेलीच आली. बेथनीने विचारलं, असं का झालं? आणि तिथे कायदा आडवा आला. मुलीने एकही श्वास घेतला नाही, म्हणून ती जन्मलीच नाही. जन्मली नाही म्हणून ती मेली नाही. आणि जी मेलीच नाही तिच्या मरणाची चौकशी कॉरोनर, म्हणजे मरणांची चौकशी करणारा सरकारी अधिकारी, करणार कशी? इस्पितळातला साहेब कोटाचं बटण लावत म्हणाला होता, "घरी जा. आता विचारण्यासारखं काही उरलेलं नाही." एवढं बोलून त्याने दार लावून घेतलं होतं.

विनीबाईंनी ते ऐकलं त्या दिवशी तळपायाची आग मस्तकात गेली होती, ती अजून उतरली नव्हती. अशा बाळांच्याही मरणाची चौकशी झालीच पाहिजे, एवढंच त्यांचं विधेयक म्हणत होतं. तीन वर्षं त्या ते ढकलत होत्या. कधी याच्या पाया पडायच्या, कधी त्याचा कान धरायच्या. लॉर्डांकडे मंजूर झालं होतं. कॉमन्सने एका दुरुस्तीला मान हलवायची, एवढी एकच पायरी राहिली होती, आणि त्यासाठी येता शुक्रवार मिळाला होता. आता पार्लमेंट बंद म्हटल्यावर शुक्रवार गेला. जे विधेयक अर्धवट राहतं ते मरतं. पुन्हा पहिल्यापासून सगळं.

"आज दुपारी मी कॉमन्समध्ये दहा मिनिटं काढून देतो," हॅवरगिल म्हणाला. "दुरुस्ती मान्य होईल. संध्याकाळी समारंभात संमतीची यादी वाचतात, तिच्यात शेवटचं नाव तुमच्या विधेयकाचं. राजाची संमती मिळाली की कायदा झाला. तुम्ही फक्त यायचं, झगा घालायचा, आणि शेवटपर्यंत बसायचं."

"म्हणजे तुम्हाला तिसरी मिळते."

"मिळते."

"आणि मी नाही आले तर?"

"तर आजचं बारगळलं. नवी नावं घालून नवं पत्र आणायला उद्याची दुपार उजाडेल. सकाळी मतदान होईल, सरकार पडेल, निवडणुका लागतील." त्याने चहाचा घोट घेतला. "पण लेडी ऑर्मरॉड, त्यातही तुमचं विधेयक मरतंच. मरण्याचा रस्ता तेवढा वेगळा. जगवायचा रस्ता एकच आहे, आणि तो माझ्या हातात आहे. मी हे आनंदाने सांगत नाही."

खोटारडा. त्याच्या तोंडावर आनंद नुसता ओसंडून वाहत होता. पण म्हणत होता ते खरं होतं, आणि त्यानेच बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. शिव्या घालायला जागा असती तर बरं वाटलं असतं. या माणसाने हिशोब असा पक्का मांडला होता, की शिवीलाही फट ठेवली नव्हती.

"शेवटपर्यंत बसेन," त्या म्हणाल्या.

"शब्द?"

"शब्द."

हॅवरगिलने पुढे काही विचारलं नाही. विनी ऑर्मरॉडने दिलेला शब्द कधी फिरवला नाही, हे वेस्टमिन्स्टरमध्ये सगळेच जाणून होते.

विधेयकाचं काय होतंय ते बघायला बेथनी पहाटेच्या गाडीने आली होती. खालच्या उपाहारगृहात भिंतीकडच्या टेबलाशी बसली होती, समोर बेकनचा पाव तसाच पडलेला. बाई समोर बसल्या आणि म्हणाल्या, "आज होतंय. संध्याकाळी."

बेथनीने तोंडावर हात धरला. मग हात खाली घेऊन तिने सरळ विचारलं, "काय द्यावं लागलं?"

पोर हुशार होती. बाईंनी लपवलं नाही. पत्र, तिघांचा नियम, उद्याचं मतदान, दहा मिनिटं, सगळं सांगितलं. बेथनी पावाचा तुकडा तोडत राहिली, तोडून ताटलीत ठेवत राहिली. खाल्ला एकही नाही.

"म्हणजे त्या पंतप्रधानाला लोक काही विचारणार होते," ती म्हणाली.

"हो."

"आणि तो दार लावून घेतोय."

"हो."

"आणि कडी घालायला तुम्ही जाणार."

बाईंना ते सपकन लागलं. लागावं म्हणूनच ती बोलली होती.

"तुला नको असेल तर आत्ता सांग, पोरी. आत्ता वर जाऊन त्याच्या तोंडावर नाही म्हणून येते."

"नको कसं म्हणू मी?" बेथनीचा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरचे दोघे वळून बघायला लागले. "त्याच इस्पितळात आजही कुणीतरी बाकावर बसली असेल. मला कायदा हवाय. मला तो आजच हवाय. पण मला राग येतोय, विनीमावशी, इतका राग येतोय, आणि तो मी काढू कुणावर?"

"माझ्यावर काढ."

"काढतेच आहे ना," बेथनी म्हणाली, आणि मग रडायला लागली.

बाईंनी तिला जवळ घेतलं नाही. आता हिला हात लावायचा आपल्याला काही हक्क आहे, असं त्यांना वाटेना. त्या नुसत्या समोर बसून राहिल्या. राग हॅवरगिलवर होता, पंतप्रधानावर होता, पण सगळ्यात जास्त स्वतःवर होता. आयुष्यभर ताठ मानेने जगलेली बाई मी, आणि म्हातारपणी ह्यांच्या दाराशी कडी घालायला उभी राहणार.

दुपारी त्या कॉमन्सच्या सज्जात जाऊन बसल्या. हॅवरगिलने तेवढं मात्र चोख केलं होतं. खाली कुणीतरी उठून दुरुस्तीचं वाचलं, कुणी ऐकलं नाही. मागच्या बाकांवर भांडणं पेटली होती, लोक पंतप्रधानाकडे बोटं नाचवून ओरडत होते. सभापतींनी विचारलं, हो म्हणणारे? हो, असा एक गलका झाला. नाही म्हणणारे? कुणी बोललं नाही. मंजूर. तीन वर्षांचे खेटे, आणि शेवट हा असा, भाजीबाजारात सुटे पैसे मोजावेत तसा.

पंतप्रधान पुढच्या बाकावर पाय पसरून बसला होता. शिव्या त्याच्या अंगाला लागतच नव्हत्या. त्याने मान वर केली, सज्जात विनीबाई दिसल्या, आणि त्याने दोन बोटं कपाळाला लावून त्यांना सलाम ठोकला. ओळखीतल्या माणसाला करतात तसा. आपल्या माणसाला करतात तसा.

बाई उठून बाहेर आल्या. पायऱ्या उतरताना त्यांनी कठडा इतका घट्ट धरला होता, की खाली पोचल्यावर बोटं सरळ व्हायला वेळ लागला.

पोशाखघरात झगा तयार होता. लाल लोकरीचा, पांढऱ्या केसाळ पट्ट्यांचा, आणि डांबरगोळ्यांचा वास मारणारा. तिथल्या म्हाताऱ्या नोकराने तो बाईंच्या खांद्यावर चढवला, मग तीन टोकांची काळी टोपी पुढे केली. टोपी कपाळाला काचत होती.

"सांगून ठेवतो, बाईसाहेब. नाव घेतलं की पुरुष टोपी काढतात. तुम्ही काढायची नाही. नुसती मान लववायची."

"का?"

"बायका काढत नाहीत. पद्धत आहे."

"आणि पद्धत मोडली तर काय होतं?"

तो विचारात पडला. त्याला असं कुणी कधी विचारलं नसावं. "कुणी मोडलीच नाही कधी," तो म्हणाला.

सिंहासनाच्या पुढे, लोकरीच्या मोठ्या लाल गादीच्या मागे, एक लांब बाक असतो. त्यावर तिघे जाऊन बसले. मध्ये हॅवरगिल. त्याच्या डावीकडे लॉर्ड मॅकऑस्लन, लॉर्डांच्या सभागृहाचे अध्यक्ष, वाकलेले, कुणाच्या अध्यात ना मध्यात. उजवीकडे विनीबाई. समोरची लाल बाकं निम्मी रिकामी होती. विरोधक आलेच नव्हते.

"मलाही हे पटत नाही हं, लेडी ऑर्मरॉड," मॅकऑस्लन हॅवरगिलच्या पलीकडून पुटपुटले. "पण परंपरा आहे. आपण काय करणार?"

"तुम्ही उठून घरी जाऊ शकला असता."

"तुम्हीही," म्हातारा म्हणाला.

काळ्या काठीचा मानकरी कॉमन्सला बोलवायला गेला. लांबच्या दालनातून दार धाडकन आपटल्याचा आवाज आला. ही तिथली जुनीच रीत. राजाचा माणूस येताना दिसला, की कॉमन्सवाले त्याच्या तोंडावर दार आपटतात, आणि त्याने काठीने तीनदा ठोठावल्यावरच उघडतात. राजाचा माणूस झाला म्हणून सरळ आत घुसायचं नाही, ही लोकांची जागा आहे, एवढंच त्यातून सांगायचं असतं. विनीबाईंना सगळ्या सोपस्कारांत हा एकच मनापासून आवडायचा. आज तो आवाज कानावर पडला आणि त्यांना वाटलं, दार आपल्या तोंडावर आपटलंय. काठीवाल्याची चाकरी आज आपण करतोय.

कॉमन्सवाले आले. लॉर्डांच्या सभागृहाच्या टोकाला एक कठडा आहे, त्याच्या पुढे त्यांना यायची परवानगी नाही. तिथे ते दाटीने उभे राहिले, बरेचसे न आलेले, आलेले धुमसत असलेले. "लाज वाटू द्या," मागून कुणीतरी म्हणालं. सभापती सगळ्यांच्या पुढे, चेहरा दगडासारखा. त्यांनी तीनदा मान लववली, कारण लववावी लागते. वर सज्जात पहिल्या रांगेत बेथनी होती.

कारकुनाने राजाचं पत्र वाचायला घेतलं. हॅवरगिलचं नाव आलं, त्याने पुरुषांची असते ती दोन टोकांची टोपी उचलून छातीशी धरली. मॅकऑस्लननी आपली तशीच धरली. "आमच्या विश्वासू आणि प्रिय विनिफ्रेड, बॅरोनेस ऑर्मरॉड." बाईंनी मान लववली. टोपी काचत राहिली.

मग यादी. एक कारकून विधेयकाचं नाव वाचायचा, दुसरा कॉमन्सकडे वळून जुन्या फ्रेंचमध्ये म्हणायचा, राजाची इच्छा आहे. ती फ्रेंच आज कुठल्या फ्रेंच माणसालाही कळायची नाही, पण एकदा ते शब्द तोंडातून निघाले की झालं. मग तो कायदा राजालाही परत घेता येत नाही. मासेमारीचं विधेयक. राजाची इच्छा आहे. पेन्शनचं. राजाची इच्छा आहे. बंदरांचं, घोडेबाजारांचं, एका जुन्या कालव्याचं. हॅवरगिलने फसवलं तर? यादी इथेच संपली तर? कारकुनाने कागद उलटा केला. घसा साफ केला.

"मृत जन्मलेल्या बालकांच्या मरणाच्या चौकशीचं विधेयक."

"राजाची इच्छा आहे."

झालं. एवढ्यातच झालं. बाईंनी डोळे मिटले. फसवलं नव्हतं त्याने. आता कुठल्याही गावात, कुठल्याही इस्पितळात, व्हरांड्यात बसवून ठेवलेल्या पोरीला कुणी म्हणू शकणार नव्हतं, की विचारण्यासारखं काही उरलेलं नाही. त्यांनी वर बघितलं. बेथनी उभी राहिली होती. सज्जात उभं राहायची बंदी आहे, रखवालदार तिला खाली बसवायला बघत होता. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. ती बाईंकडे बघत होती, आणि हसत नव्हती.

आता शब्द पाळायचा राहिला. थोडा वेळ बसायचं. हॅवरगिल राजाच्या नावाने एक भाषण वाचेल, सरकारने वर्षभरात काय काय केलं त्याचं कौतुक असेल, आणि शेवटी एका वाक्यात पार्लमेंट बंद. बाईंनी दात आवळले. बसायचं म्हणजे बसायचं, शब्द दिला आहे. हॅवरगिलने डोक्यावरची टोपी नीट केली आणि वाचायला सुरुवात केली. आवाज साजूक तुपातला.

"माझ्या सरकारने बंदरांच्या विकासाला चालना दिली. माझ्या सरकारने वृद्धांच्या निवृत्तिवेतनाची काळजी घेतली. आणि माझ्या पंतप्रधानांच्या खास आग्रहामुळे, लँकशरमधल्या चिमुकल्या मार्थाच्या स्मृतीला..."

विनीबाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"...मार्थाच्या स्मृतीला वंदन म्हणून माझ्या सरकारने प्रत्येक मातेच्या प्रश्नाला उत्तर मिळवून देणारा कायदा केला. कारण लोकांच्या प्रश्नांना उत्तर देणं, हेच माझे मंत्री आपलं पहिलं कर्तव्य समजतात."

माझ्या पंतप्रधानांचा आग्रह. तीन वर्षांत या माणसाने एका पत्राला उत्तर दिलं नव्हतं. बेथनी तीन वेळा त्याच्या दारात उभी राहिली होती, भर थंडीत, आणि त्याची गाडी काच खाली न करता निघून गेली होती. आणि आज उद्याच्या प्रश्नांपासून पळताना त्याने जाता जाता त्या पोरीचं नाव उचललं, खिशात घातलं, राजाच्या तोंडी दिलं. जी कायद्याच्या लेखी कुणीच नव्हती, तिला आज पहिल्यांदा या सभागृहात नाव मिळालं, ते याची अब्रू झाकायला.

बाई उठल्या. आपण उठतोय हे त्यांना उठल्यावर कळलं.

हॅवरगिल वाचायचा थांबला. कागद तसाच धरून तो ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाला, "खाली बसा."

"तुला सांगितलं होतं, तिचं नाव घ्यायचं नाही."

"विनी. तुम्ही शब्द दिलाय."

"दिला होता," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज काही मोठा नव्हता, पण सभागृहात इतकी शांतता पसरली होती, की कठड्यापर्यंत ऐकू गेला. "तो मी मोडतेय. सगळ्यांदेखत मोडतेय. माझ्या नावाला काळं लागतंय, लागू दे."

त्यांनी टोपी काढली. बायका काढत नाहीत ती. कपाळावर लाल वळ उमटला होता. टोपी त्यांनी बाकावर ठेवली, आपण बसलो होतो तिथे, आणि पायऱ्या उतरून सभागृहाच्या मधून चालू लागल्या. झगा मागे फरफटत होता. एक पाय त्यात अडकला तेव्हा त्यांनी तो गुडघ्यापर्यंत उचलून धरला, आमच्याकडच्या बायका पावसातून चालताना धरतात तसा.

मागे हॅवरगिलने भाषण सोडून थेट शेवटच्या वाक्यावर उडी मारली. "राजाच्या आज्ञेने आम्ही हे पार्लमेंट..." आणि तिथेच थांबला. मुख्य कारकून मान हलवत होता.

"दोघांनी चालत नाही, मायलॉर्ड."

"ती टोपी तर आहे ना तिथे," हॅवरगिल म्हणाला. खरंच म्हणाला. अक्कल जायची वेळ आली की शिकलेल्या माणसाची जरा जास्तच जाते.

"टोपीने चालत नाही, मायलॉर्ड."

मॅकऑस्लनना तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. ती खोकल्याची होती की कसली, कोण जाणे.

कठड्यापाशी कॉमन्सवाल्यांनी वाट दिली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तिथे टाळ्या वाजवत नाहीत. सभापतींनी विनीबाईंकडे बघून मान लववली. समारंभात कुठेच नसलेली मान होती ती. मग ते आपल्या लोकांकडे वळले आणि म्हणाले, "चला. उद्या सकाळी आपलं काम आहे."

बाहेरच्या दालनात बाई एका खांबाला टेकून उभ्या राहिल्या. अंग थरथर कापत होतं. सज्जाच्या जिन्यावरून बेथनी धावत आली, आणि दोन पावलांवर थांबली.

"कायदा राहिला ना?"

"राहिला. तो आता कुणाच्या बापाला परत घेता येत नाही."

"मग तुम्ही कापताय का?"

"राग आलाय म्हणून," बाई म्हणाल्या. "आणि शब्द मोडला म्हणून. एवढ्या वर्षांत कधी मोडला नव्हता गं."

बेथनी त्यांच्या शेजारी येऊन त्याच खांबाला टेकून उभी राहिली, खांद्याला खांदा लावून.

तेवढ्यात दार उघडून हॅवरगिल आला. झगा एका खांद्यावरून घसरलेला, टोपी काखेत, चेहरा पांढराफटक. सकाळचा गोडवा कुठल्या कुठे गेला होता. बेथनी कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. चिमुकल्या मार्थाच्या आईला त्याने कधी बघितलंच नव्हतं.

"काय केलंत तुम्ही हे?" तो बाईंवर ओरडला. "पंतप्रधान तिकडे खोलीत बसलेत, बातमीची वाट बघत. आता मी त्यांना जाऊन काय सांगू?"

विनीबाईंनी तोंड उघडलं, पण बेथनी आधी बोलली.

"त्यांना म्हणावं, घरी जाऊ नका," ती म्हणाली. "विचारण्यासारखं पुष्कळ उरलंय."

मग तिने विनीबाईंच्या गळ्याशी बांधलेली झग्याची गाठ सोडली, झगा खांद्यांवरून उतरवला, आणि त्याच्या हातात दिला.